महापालिकेच्या शाळा कोणत्या मापाने मोजणार?

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह अवघ्या आठ दिवसांवर आला असताना, १२ मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलायला उभे राहिले. सभासद म्हणून शपथ घेऊन त्यांना महिनाही झाला नव्हता. त्यांनी सभागृहापुढे सरकारचेच आकडे ठेवले. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर १०० मुलांपैकी फक्त १८ मुले चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत ढकलली जातात, हे त्यांनी दाखवून दिले. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि दारूवरील करातून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हा हिशेबही त्यांनी मांडला.

बाबासाहेब एवढ्यावर थांबले नाहीत. शिक्षण खात्याने लोकसंख्येचे जे चार वर्ग पाडले होते, त्या प्रत्येकाचा आकडा त्यांनी वेगळा काढला. प्राथमिक शिक्षणात दर हजारी लोकसंख्येमागे पुढारलेल्या हिंदूंची ११९ मुले, मुसलमानांची ९२, मधल्या वर्गाची ३८ आणि मागास वर्गाची १८. वरच्या पायऱ्यांवर अंतर आणखी वाढत जाते. माध्यमिक शिक्षणात दर लाखामागे पुढारलेले ३,०००, तर मागास वर्ग १४. महाविद्यालयात दर दोन लाखांमागे पुढारलेले १,००० आणि मागास वर्ग जवळजवळ शून्य. लोकसंख्येत दुसऱ्या क्रमांकावर असलेला मागास वर्ग शिक्षणात शेवटच्या क्रमांकावर होता आणि लोकसंख्येत शेवटचा असलेला वर्ग शिक्षणात पहिला होता. प्रांताची सरासरी सांगून सरकारला पाठ थोपटून घेता आली असती. बाबासाहेबांनी ती सरासरी फोडली आणि तिच्या पोटात काय दडले आहे ते सभागृहाला दाखवले.

या भाषणाला आता शंभर वर्षे होत आली. ते आज आठवण्याचे कारण जयंती-पुण्यतिथीचे नाही. आपल्या शहरांतल्या सरकारी आणि महापालिकेच्या शाळांची मोजदाद आज पूर्वी कधी नव्हती इतकी होते आहे. कोणती शाळा चांगली, कोणती वाईट, कोणती चालू ठेवायची आणि कोणती बंद करायची याचे निर्णय आकड्यांवर घेतले जात आहेत. ते आकडे कोणी, कोणत्या मापाने आणि कशासाठी मोजले हे आपण विचारले नाही, तर आपल्याच मुलांच्या शाळेवर आपल्यालाच न कळता शिक्का बसणार आहे.

आधी ही मोजदाद कशी होते ते पाहू. देशातील प्रत्येक शाळेला ११ अंकी क्रमांक आहे. त्याला युडायस क्रमांक म्हणतात. महाराष्ट्रातल्या शाळांचा क्रमांक २७ ने सुरू होतो. १९९० च्या दशकाच्या मध्यात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाबरोबर ही पद्धत सुरू झाली, २०१२-१३ पासून पहिली ते बारावीच्या सर्व शाळा एकाच नोंदीत आल्या आणि २०१८-१९ पासून ती युडायस प्लस या नावाने संगणकावर भरली जाऊ लागली. २०२२-२३ पासून तर केवळ शाळेची नव्हे, एकेका विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होते. इयत्तावार पट किती, मुली किती, अनुसूचित जातीचे, जमातीचे, इतर मागासवर्गीय किती, शिक्षक किती, वर्गखोल्या किती, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, पाणी, वीज, ग्रंथालय, मैदान, संगणक आहेत का, हे सारे त्यात विचारले जाते. म्हणजे बाबासाहेबांना अहवालांच्या ढिगातून जे शोधून काढावे लागले, ते आज एका बटणाच्या अंतरावर आहे. तरीही महापालिकेच्या शाळांची चर्चा निघाली की वर्तमानपत्रांत एकच आकडा झळकतो. तो म्हणजे दहावीचा निकाल.

या एका आकड्याचे उदाहरण मुंबईचेच घेऊ. २०१८ साली मुंबई महापालिकेच्या माध्यमिक शाळांचा दहावीचा निकाल ७३.८१ टक्के लागला. २०१९ साली तो ५३.१४ टक्क्यांवर कोसळला. पालिकेच्या शाळांचे शिक्षण रसातळाला गेले अशी ओरड झाली. आणि २०२० साली तोच निकाल एकदम ९३.२५ टक्क्यांवर गेला. आता सांगा, एका वर्षात पालिकेचे शिक्षक आळशी झाले आणि पुढच्याच वर्षी कामाला लागले, असे काही घडले होते काय? घडले ते असे की २०१९ च्या परीक्षेत भाषेसारख्या विषयांतले शाळेच्या हातचे तोंडी-अंतर्गत गुण काढून टाकले होते आणि २०२० साली ते परत आले. त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपरच रद्द झाला आणि त्याचे गुण सरासरीने दिले गेले. २०२१ साली तर लेखी परीक्षाच झाली नाही आणि राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. मापच बदलले, म्हणून निकाल वरखाली झाला.

पण या आकड्यांत एक गोष्ट आहे, जी त्या वेळी कोणी मोठ्या मथळ्यात छापली नाही. २०१८ ते २०१९ मध्ये संपूर्ण राज्याचा निकालही ८९.४१ वरून ७७.१० वर उतरला होता. म्हणजे राज्याची घसरण सुमारे १२ टक्क्यांची आणि पालिकेच्या शाळांची सुमारे २१ टक्क्यांची. राज्य आणि पालिकेच्या शाळा यांच्यातले अंतर २०१८ साली साडेपंधरा टक्के होते, ते २०१९ साली २४ टक्क्यांवर गेले आणि २०२० साली अवघ्या दोन टक्क्यांवर आले. याचा अर्थ सरळ आहे. परीक्षा कडक झाली की ज्याच्या घरी शिकवणीला पैसे नाहीत, अभ्यासाला जागा नाही, वीस गुणांचा आधार काढल्यावर सावरायला दुसरा आधार नाही, ते मूल आधी पडते. आणि परीक्षा सैल झाली की तेच मूल उत्तीर्णांच्या यादीत दिसते, पण त्याला खरोखर किती आले हे कोणालाच कळत नाही. ५३ टक्क्यांचा आकडा पालिकेच्या शाळेची बदनामी करून गेला, ९३ टक्क्यांचा आकडा प्रशासनाला शाबासकी देऊन गेला. मुलाच्या पदरात दोन्ही वेळा काही पडले नाही.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. दहावीचा निकाल हा दहावीला बसलेल्या मुलांचा निकाल असतो. जे मूल सातवीनंतर किंवा आठवीनंतर गळाले, ते या हिशेबात कुठेच नाही. शंभर मुले पहिलीत आली, त्यातली चाळीस दहावीपर्यंत टिकली आणि त्यातली छत्तीस उत्तीर्ण झाली, तर शाळेचा निकाल ९० टक्के. शेजारच्या शाळेत शंभरातली ऐंशी टिकली आणि त्यातली साठ उत्तीर्ण झाली, तर तिचा निकाल ७५ टक्के. निकालाच्या तक्त्यात पहिली शाळा वर, दुसरी खाली. पण शंभरातल्या साठ मुलांना दहावीच्या पलीकडे नेणारी शाळा चांगली की छत्तीस मुलांना नेणारी? हे उदाहरण समजावण्यापुरते घेतले आहे, पण त्यातला हिशेब बाबासाहेबांच्या १८ आणि ८२ चाच आहे. त्यांनी चौथीच्या परीक्षेत किती पास झाले हे विचारले नाही. जे आत आले त्यातले किती शेवटपर्यंत पोहोचले, हे विचारले. हेच खरे माप.

मुंबईत या मापाची फार गरज आहे. पालिकेच्या प्राथमिक शाळांच्या मानाने माध्यमिक शाळांची संख्या कितीतरी कमी आहे. सातवी-आठवी झाली की मुलाला दुसरी शाळा शोधावी लागते. ती जवळ असेल, त्याच माध्यमाची असेल आणि फुकट असेल याची खात्री नाही. मुलगी असेल तर रस्ता, रेल्वेचे रूळ आणि येण्याजाण्याचा खर्च पाहून घरचेच थांबवतात. शिक्षण हक्क कायद्याची हमी वयाच्या चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंतच आहे. जिथे कायद्याचा हात सुटतो, नेमकी तिथेच पालिकेची शिडी तुटते. ही तुटलेली पायरी दहावीच्या निकालात दिसत नाही. ती दिसते ती इयत्तावार पटसंख्येत.

तिसरी गोष्ट सरासरीची. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. आता एका शाळेत शिक्षकामागे १५ मुले आणि दुसरीत ४५ मुले असतील, तर दोन्हींत शिक्षक सारखेच असताना सरासरी बरोबर ३० येते आणि कागदावर कायदा पाळलेला दिसतो. मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमीळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून शिकवते. जुन्या मुंबईतली वस्ती बदलली, गिरण्या गेल्या, चाळी गेल्या आणि मराठी शाळांचे वर्ग ओस पडत गेले. गरीब माणूस मात्र शहराच्या कडेला, गोवंडी-मानखुर्दकडे ढकलला गेला आणि तिकडे हिंदी-उर्दू माध्यमाचे वर्ग भरून वाहू लागले. संपूर्ण शहराची सरासरी काढली की दोन्ही गोष्टी झाकल्या जातात.

या भागाचे नाव मुद्दाम घेतले. मुंबईचा मानव विकास अहवाल २००९ साली निघाला. त्यात गोवंडी, मानखुर्द, शिवाजीनगर आणि देवनारचे डंपिंग ग्राउंड ज्यात येते तो एम पूर्व विभाग शहरातल्या सर्व विभागांत शेवटच्या क्रमांकावर होता. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत उठवलेल्या झोपडपट्ट्यांतली माणसे लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडसारख्या इमारतींत आणून बसवली तीही याच विभागात. घर पाडले की शाळा सुटते. नवीन ठिकाणी दाखला मिळवणे, आधार कार्डावरचा पत्ता बदलणे, प्रवेश घेणे यात वर्षाचे नुकसान होते. अशा मुलाला घेऊन बसलेल्या शाळेची तुलना, जिथे तीन पिढ्या एकाच जागी राहतात त्या दादर-पार्ल्यातल्या अनुदानित शाळेशी निकालाच्या टक्क्यावर करणे म्हणजे पायात बेडी घातलेल्याची आणि मोकळ्या माणसाची शर्यत लावण्यासारखे आहे.

हा अनुभव आपल्या एकट्याचा नाही. इंग्लंडमध्ये १९९२ पासून शाळांच्या निकालांचे क्रमवार तक्ते छापले जाऊ लागले. लवकरच लक्षात आले की तक्त्यात वर असणाऱ्या शाळा बहुतेक सुखवस्तू वस्तीतल्या आहेत, म्हणजे तक्ता शाळेचे काम कमी आणि पालकांची ऐपत जास्त मोजतो. वेल्सने २००१ साली असे तक्ते काढणे बंद केले. इंग्लंडने मूल शाळेत आले तेव्हा कुठे होते आणि बाहेर पडले तेव्हा कुठे पोहोचले, हे मोजायचा मार्ग धरला आणि २०१६ पासून माध्यमिक शाळांसाठी ते मुख्य माप ठरवले. त्यातही गरिबीचा हिशेब पुरता येत नाही अशी टीका तिथे होतच राहिली. पण निदान एवढे तरी मान्य झाले की मूल कुठून निघाले हे पाहिल्याशिवाय शाळेचा न्याय करता येत नाही. आपल्याकडे खासगी शाळांशी तुलना करताना एवढेही पाहिले जात नाही. प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने बंदी आहे, पण शुल्काची चाळणी उघड्यावर चालू असते. महापालिकेची शाळा मात्र दारात आलेल्या कोणालाही नाकारू शकत नाही. हा तिचा मोठेपणा आहे आणि तक्त्यात तोच तिचा गुन्हा ठरतो.

आता महापालिकेच्या घरातच नवी उतरंड उभी राहिली आहे. २०२० साली पालिकेच्या शाळांना मुंबई पब्लिक स्कूल असे नाव दिले गेले, सीबीएसई आणि आयसीएसई अभ्यासक्रमाच्या शाळा सुरू झाल्या, पुढे आंतरराष्ट्रीय मंडळांच्याही निघाल्या. गरिबाच्या मुलाला असा अभ्यासक्रम मोफत मिळतो ही चांगलीच गोष्ट आहे आणि त्या शाळांपुढे पालकांची गर्दी होते यात नवल नाही. पण एकाच पालिकेच्या तिजोरीतून काही मोजक्या शाळांना एक वागणूक आणि शेकडो शाळांना दुसरी वागणूक मिळत असेल, तर त्याला बाबासाहेबांनी शिकवलेला श्रेणीबद्ध विषमता हाच शब्द लावावा लागेल. ती आहे की नाही हे तपासायचे असेल तर एका मुलामागे कोणत्या शाळेवर किती खर्च झाला, कोणत्या शाळेत किती पदे रिकामी आहेत आणि त्या शाळांत अनुसूचित जाती-जमातीची मुले किती, हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवले पाहिजेत. पालिकेचे शिक्षणाचे अंदाजपत्रक २०२४-२५ साली सुमारे साडेतीन हजार कोटी रुपयांचे होते. एवढ्या रकमेचा शाळावार हिशेब मागणे हा आपला अधिकार आहे.

येथे काही जण म्हणतील, मग आकडेच नकोत. तसे म्हणणे घातक आहे. आकडे नसले की आपली उपेक्षा दिसत नाही आणि जी दिसत नाही तिच्यावर इलाज होत नाही. पण आकडा कसा तयार होतो याचे भान हवे. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा अनुदानासाठी फुगवलेला पट मोठ्या प्रमाणावर उघडा पडला. त्यानंतर आधार जोडणी आली आणि उलटा धोका निर्माण झाला. ज्या मुलाचे आधार नाही किंवा पडताळणीत जुळत नाही, ते वर्गात रोज बसूनही संचमान्यतेच्या हिशेबात मोजले जात नाही आणि त्याच्या शाळेचे शिक्षकाचे पद धोक्यात येते. आधार नसलेली मुले कोणाची असतात? फुटपाथवरची, वीटभट्टीवरून आलेली, उठवलेल्या वस्तीतली. खोटा पट जसा चोरी आहे, तसे खरे मूल न मोजणे हीसुद्धा चोरीच आहे.

मोजण्याचा हेतू काय हे तर सर्वांत आधी पाहिले पाहिजे. २०२३ साली राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मोजल्या गेल्या. त्या १४,७८३ निघाल्या, त्यांत १,८५,४६७ मुले शिकत होती. ही मोजणी झाली ती या शाळांना जास्त मदत देण्यासाठी नव्हे, तर त्या एकत्र करून समूह शाळा काढता येतील का हे पाहण्यासाठी. लोकांनी विरोध केला, कारण तांड्यावरचे आणि पाड्यावरचे मूल लांबच्या शाळेत जाणार नाही हे त्यांना ठाऊक होते. शहरातही हीच भाषा ऐकू येते. पट कमी, इमारत जुनी, जागा मोक्याची. मुंबईत शाळेच्या जागेची किंमत कोणाच्या डोळ्यांत भरते हे सांगायला नको. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलून, ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिला २५ टक्के राखीव प्रवेशातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्टमध्ये तो निर्णय कायम ठेवला. एकीकडे सरकारी शाळा जवळ आहे म्हणून खासगी शाळेचे दार बंद करायचे आणि दुसरीकडे पट कमी म्हणून सरकारी शाळा बंद करायची, हे दोन्ही हिशेब एकत्र ठेवले की गरिबाच्या मुलाने जायचे कुठे?

म्हणून मोजणी आपण आपल्या हातात घेतली पाहिजे. हे काम अवघड नाही. आपल्या वस्तीतल्या प्रत्येक पालिका शाळेचा युडायस क्रमांक मिळवा. मागील सात वर्षांचा इयत्तावार पट घ्या. एका वर्षीची पहिली, तीन वर्षांनंतरची चौथी आणि सहा वर्षांनंतरची सातवी एका ओळीत मांडा. जे कमी झाले त्यातले किती दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेले आणि किती कुठेच गेले नाहीत, हे शाळेच्या नोंदवहीतून वेगळे करा, कारण इंग्रजी शाळेत गेलेले मूल आणि कामाला लागलेले मूल ही एकच गळती नव्हे. मग मुली, मुलगे, अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, अल्पसंख्याक असे वेगळे मांडा. शिक्षकांची मंजूर पदे आणि भरलेली पदे लिहा. हे सारे एकाच विभागातल्या, सारख्याच वस्तीतल्या दोन-चार शाळांचे करा. सारख्या परिस्थितीत एक शाळा मुले टिकवते आणि दुसरी टिकवत नाही असे दिसले, तर खरा प्रश्न तिथे आहे. तिथे मुख्याध्यापकाला, विभागाच्या अधिकाऱ्याला आणि नगरसेवकाला जाब विचारा. आणि जी शाळा टिकवते तिथल्या शिक्षकांचा जाहीर सत्कार करा. असे शिक्षक पालिकेच्या शाळांत आहेत आणि त्यांची दखल कोणी घेत नाही.

यासाठी कायदा आपल्या बाजूला आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत, वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी आणि निम्म्या महिला हव्यात. कलम २२ प्रमाणे शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. कलम ९ प्रमाणे आपल्या हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणे हे महापालिकेचे कर्तव्य आहे. ती नोंद मागा. नाही मिळाली तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. आपल्या विहारांत, समाजमंदिरांत, महिला मंडळांत पदवीधर तरुण आहेत. वर्षातून एक महिना त्यांनी या कामाला द्यावा. गावोगावी उघडलेल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना आकडेवारी मांडणे नवे नाही. व्यवस्थापन समितीत आपली माणसे फक्त सहीपुरती बसली आहेत का, हेही एकदा तपासून पाहावे.

१९२७ साली बाबासाहेबांसमोर जो अहवाल होता, तो सभागृहातल्या इतर सभासदांसमोरही होता. आज युडायसच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या आहेत, तशाच त्या आपल्यासाठीही आहेत. आपल्या वॉर्डातल्या शाळेत या वर्षी पहिलीत जी मुले आली, त्यातली दहावीला किती असतील, हा प्रश्न प्रत्येक वस्तीने आजच लिहून ठेवावा आणि दरवर्षी त्याचे उत्तर मागावे. जोवर ते उत्तर शंभरातल्या शंभर असे येत नाही, तोवर कोणत्याही पालिकेने आपल्या निकालाची टक्केवारी फलकावर लावून मिरवू नये आणि आपणही ती पाहून टाळ्या वाजवू नयेत.